अण्णा, नेहमीचं!

टपरीवर एका शब्दात चहा मागणारे आपण ऑफिसात मात्र तीच लांबलचक कमांड दिवसातून तीस वेळा बडवत बसतो. यावर उपाय आहे, जुना आहे आणि चक्क फुकट आहे. फक्त त्याला थोडे काटे आहेत, तेवढे सांभाळायचे!

सकाळचे पावणेदहा. कंपनीची बस गेटपाशी आपल्याला ओतून निघून गेलेली. डोळे अजून अर्धे मिटलेले. पाय मात्र आपोआप टपरीकडे वळतात आणि तोंडातून एवढंच निघतं, "अण्णा, नेहमीचं!" पुढच्या दोन मिनिटांत समोर हजर होतं ते असं : एक कटिंग, साखर कमी, आलं जास्त, ग्लास नव्हे तर कागदी कप, आणि सोबत एक क्रीमरोल. पाच सूचना, एक शब्द. अण्णाने विचारलं नाही, आपण सांगितलं नाही.

आता तोच माणूस लिफ्टने वर जातो, खुर्चीत बसतो, लॅपटॉपवरची ती काळी खिडकी उघडतो आणि काय करतो? काल, परवा, गेल्या महिन्यात, गेल्या वर्षी टाइप केलेली तीच पन्नास-साठ अक्षरं पुन्हा टाइप करतो. मध्ये एक स्पेलिंग चुकतं. मग वरचा बाण दाबत दाबत जुनी कमांड शोधतो. एकदा, दोनदा, सतरादा. सापडते तेव्हा दोन बाण जास्त दाबले जातात आणि ती निसटते. मग पुन्हा खाली. (हसू नका, हे तुम्हीही करता!)

अहो, त्या काळ्या खिडकीलासुद्धा "नेहमीचं" समजतं. फक्त एकदा सांगून ठेवावं लागतं. या सांगून ठेवण्याला कॉम्प्युटरच्या भाषेत 'एलियास' म्हणतात. मराठीत सांगायचं तर टोपणनाव, 'ऊर्फ'.

सा. न. वि. वि.

आपल्याला ही गोष्ट काही नवी नाही बरं का. आजोबांची जुनी पत्रं कधी हाताला लागली असतील तर आठवून बघा. वर 'श्री', मग 'ती. दादांस' आणि लगेच 'सा. न. वि. वि.' साष्टांग नमस्कार विनंती विशेष! चार अक्षरांत अख्खं लोटांगण उरकलेलं. शेवटी काही राहिलं की 'ता. क.'. पोस्टकार्डावर जागा थोडी, शाई महाग आणि मजकूर दर वेळी तोच. मग तो कोण पूर्ण लिहीत बसणार?

तारेचंही तेच. आपल्याकडे तार खात्याने शुभेच्छांची वाक्यं आधीच ठरवून त्यांना नंबर दिले होते. लग्नाला जाता येत नसेल तर पोस्टात जाऊन यादीतला नंबर सांगायचा, बस्स. यंत्रावरून जायचा नंबर आणि मांडवात पोचायचं अख्खं वाक्य. जुलै २०१३मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली आणि ते नंबरही गेले, पण कल्पना काही मेली नाही. आयफोनवर इंग्रजीत 'ओएमडब्ल्यू' टाइप केलं की 'ऑन माय वे' उमटतं ना? तोच तारेचा नंबर, नव्या कपड्यांत.

कमांड लाइनची गंमत अशी की ती जन्मालाच कंजूष म्हणून आली. १९६९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही जोडगोळी युनिक्स बनवत होती, तेव्हा समोर स्क्रीन नव्हे तर टेलिटाइप असायचा. खडखड करत कागदावर छापणारं यंत्र, वेग सेकंदाला १० अक्षरं, आणि बटणं अशी की दाबताना बोटांचा व्यायाम व्हावा. अशा यंत्रावर लांब शब्द कोण लिहील? म्हणून यादी दाखवायची कमांड 'एलएस', कॉपीची 'सीपी', हलवायची 'एमव्ही', पुसायची 'आरएम'. दोन-दोन अक्षरांत संसार. युनिक्समध्ये फाइल तयार करण्याच्या सूचनेचं इंग्रजी स्पेलिंग तर शेवटचं 'ई' गाळून लिहिलंय. युनिक्स पुन्हा केलंत तर काय बदलाल, असं नंतर विचारल्यावर खुद्द थॉम्पसननी त्या 'ई'चीच आठवण काढल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे.

पण काटकसर करून करून किती करणार? कमांड दोन अक्षरांची असली तरी तिच्यामागे पर्यायांची शेपटं लागत गेली. मग १९७०च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीमध्ये शिकणाऱ्या बिल जॉय या पठ्ठ्याने 'सी शेल' लिहिला. शेल म्हणजे त्या काळ्या खिडकीत आपलं म्हणणं ऐकून घेणारा मधला माणूस, आपल्या हिशेबाने अण्णा! या सी शेलमध्ये दोन झकास सोयी होत्या : आधीच्या कमांड आठवणारी हिस्ट्री आणि स्वतःचं टोपणनाव ठेवणारा एलियास. हाच बिल जॉय पुढे १९८२मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक झाला.

जाता जाता त्याच्याच टेबलावरची एक गोष्ट. तो ज्या टर्मिनलवर काम करायचा, त्याच्या कीबोर्डवर 'होम' आणि '~' हे एकाच बटणावर होते. म्हणून आजही '~' म्हणजे 'माझं घर', माझा फोल्डर. इतक्या वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा बटणावरचं चिन्ह आज हिंजवडीतली पोरं रोज दाबतात, आणि आपल्याला वाटतं फॅशन दर सहा महिन्यांनी बदलते!

पुढे १९८३मध्ये डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलने ही सोय उचलली. १९८९मध्ये ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश' आला, जो आज बहुतेक लिनक्सवर असतो. १९९०मध्ये प्रिन्स्टनच्या पॉल फॉल्स्टॅडने 'झेड शेल' लिहिला. २०१९च्या कॅटालिनापासून ॲपलने मॅकवर तोच दिलाय. म्हणजे तुमच्याकडे कुठलंही यंत्र असो, आत एक अण्णा बसलेला आहेच. विंडोजवाल्यांनी तोंड वाकडं करू नये, तुमच्याकडेही येतोय.

एकदाच सांगून ठेवा

कृती अगदी सोपी आहे. (कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या, इथे त्या कानाला ऐकू येतात तशा लिहितोय.) समजा तुम्ही दिवसभर गिट वापरता. २००५मध्ये लिनस टोरवाल्ड्सनी लिहिलेलं हे कोड सांभाळायचं टूल आता जवळपास सगळ्याच सॉफ्टवेअरवाल्यांच्या गळ्यात आहे. त्यातली सगळ्यात जास्त लागणारी कमांड 'गिट स्टेटस'. तर लिहायचं असं :

एलियास जीएस='गिट स्टेटस'

एंटर. झालं! आता 'जीएस' म्हटलं की काम होणार. दोन गोष्टींकडे नीट बघा. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडायची नाही. सोडलीत तर शेल 'असं काही सापडत नाही' म्हणून कुरकुरतो आणि नवखी मंडळी इथेच वैतागून नाद सोडतात. दुसरं म्हणजे अवतरणचिन्ह एकेरी. ते का, हे थोडं पुढे.

पण खिडकी बंद केली की अण्णा सगळं विसरतो. रोज आठवण राहावी असं वाटत असेल तर हीच ओळ एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. बॅश असेल तर घरच्या फोल्डरमधली 'डॉट बॅशआरसी', मॅकवर झेड शेल असेल तर 'डॉट झेडएसएचआरसी'. नाव टिंबाने सुरू होतं म्हणून ही फाइल साध्या यादीत दिसत नाही, लपून असते. ओळ लिहून सेव्ह केल्यावर एक तर नवी खिडकी उघडा, नाही तर 'सोर्स' आणि पुढे फाइलचं नाव देऊन ती पुन्हा वाचायला लावा. 'काल केलं पण चाललंच नाही' या तक्रारीमागे दहातल्या नऊ वेळा ही शेवटची पायरी विसरलेली असते, असा माझा अनुभव.

काय काय ठेवलंय ते बघायला नुसतं 'एलियास' म्हणा, यादी येते. नको झालं तर 'अनएलियास' आणि नाव. एखादं नाव आधीच कुणी घेतलंय का, ते 'टाइप' ही कमांड सांगते. हे बघणं फार महत्त्वाचं बरं का! वरचंच 'जीएस' घ्या. पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ हाताळणारा घोस्टस्क्रिप्ट नावाचा एक जुना प्रोग्रॅम आहे, त्याची कमांड नेमकी 'जीएस'. तुम्ही तो वापरत नसाल तर प्रश्नच नाही. वापरत असाल तर पीडीएफ बनवायला जाल आणि गिटची हालहवाल वाचत बसाल.

गिटला तर स्वतःची वेगळी सोय आहे. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल एलियास.एसटी स्टेटस' असं एकदा म्हटलं की पुढे 'गिट एसटी' चालतं. अक्षरं थोडी जास्त, पण नाव दुसऱ्या कुणाशी भांडत नाही. आणि क्लाउडवाल्यांच्या त्या कुबेरनेटिसच्या कमांडला 'के' एवढंच नाव ठेवा, असं त्यांच्या अधिकृत मदतपानांवरच सुचवलेलं आहे. ते बरंच झालं. त्या कमांडचा उच्चार 'क्यूब कंट्रोल' की 'क्यूब कटल' यावर मीटिंगमध्ये वाद व्हायचा, 'के' म्हटलं की मिटला!

एलियास म्हणजे नुसतं मजकुराच्या जागी मजकूर. पुढे काही जोडायचं असेल तर ते शेवटी चिकटतं. मध्येच काही घालायचं असेल तर एलियासला जमत नाही. समजा नवा फोल्डर बनवायचा आणि लगेच त्यात शिरायचं आहे. फोल्डरचं नाव दोन ठिकाणी लागणार. अशा वेळी 'फंक्शन' लिहावं लागतं : नाव, मागे कंस, आणि महिरपी कंसांत 'एमकेडीआयआर -पी "$१" && सीडी "$१"'. '$१' म्हणजे तुम्ही दिलेला पहिला शब्द. (फाइलमध्ये आकडा इंग्रजीच हवा.) तीन ओळींचं काम, पण मी स्वतः सगळ्यात जास्त वापरतो ते हेच. फाइल तीच, जागा तीच.

विंडोजवाले, आता तुम्ही. डॉसच्या जमान्यात, १९९१च्या ५.० आवृत्तीबरोबर, 'डॉसकी' आलं होतं, त्यात मॅक्रो ठेवता यायचे. २००६मध्ये पॉवरशेल आला आणि त्यात 'सेट-एलियास' मिळालं. पण हा अण्णा जरा सरकारी खाक्याचा आहे. नावाला नाव एवढंच घेतो, पुढची शेपटं घेत नाही. 'गिट स्टेटस' असा दोन शब्दांचा ऐवज असला की फंक्शनच लिहा. कायमचं ठेवायला '$प्रोफाइल' नावाची फाइल आहे. शिवाय 'जीपी', 'जीएल', 'जीसी' अशी गोंडस नावं पॉवरशेलने स्वतःसाठी आधीच राखून ठेवलीत. म्हणजे खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकून ठेवलेला!

वाचतं किती?

आता हिशेब. 'गिट स्टेटस' म्हणजे मधली मोकळी जागा धरून १० अक्षरं, 'जीएस' म्हणजे २. वाचली ८. दिवसातून ४० वेळा धरा, ३२० अक्षरं. साधारण बऱ्या टायपिस्टचा वेग मिनिटाला २०० अक्षरं धरला तर दिवसाला दीड मिनिटाच्या आसपास. वर्षाचे २२० कामाचे दिवस धरले तर सहा तासांना थोडे कमी. वर्षातून दोन सिनेमे! एवढ्यासाठी हा खटाटोप?

खरं सांगू? वेळासाठी कुणी एलियास ठेवू नये. मला त्यात दोन दुसरेच फायदे दिसतात. पहिला म्हणजे चूक. साठ अक्षरांच्या कमांडमध्ये पोर्टचा नंबर, किल्लीची फाइल, सर्व्हरचा पत्ता असं काहीबाही असतं. तीस वेळा लिहिलं तर एकदा तरी चुकणार, आणि ती एकदाची चूक शुक्रवारी संध्याकाळी सहालाच होते. दुसरा म्हणजे डोकं. प्रॉब्लेम काय आहे हे मनात धरून ठेवलेलं असताना मध्येच कमांडची शेपटं आठवत बसलं की धागा तुटतो. तुटलेला धागा जोडायला दीड मिनिट पुरत नाही.

मनगटाचं दुखणं असलेल्यांसाठी तिसराही फायदा. आमच्याकडची एक सहकारी दोन महिने मनगटाला पट्टा लावून यायची. डॉक्टरांनी टायपिंग कमी करा सांगितलं. सॉफ्टवेअरवालीला टायपिंग कमी करा म्हणजे गवयाला गाणं कमी करा म्हणण्यासारखं! तिने एका दुपारी बसून पस्तीस एलियास लिहिले. दुखणं एलियासने बरं झालं असं मी म्हणणार नाही, व्यायाम आणि सुट्टीने झालं. पण त्या दोन महिन्यांत ती कामावर टिकली, ते मी शेजारी बसून बघत होतो.

कुठल्या कमांडला नाव द्यायचं हे मात्र मनाने ठरवू नका, 'हिस्ट्री'ला विचारा. बॅश मुळात शेवटच्या ५०० कमांड लक्षात ठेवतो, अनेक लिनक्समध्ये हा आकडा वाढवलेला असतो. त्या चाळून बघा. मला वाटायचं की मी फार ग्रेट ग्रेट गोष्टी करतो. यादी बघितली तर निम्म्या वेळा मी 'सीडी' करून एकाच फोल्डरमध्ये जात होतो आणि 'एलएस' करून तिथे काय आहे ते बघत होतो. म्हणजे फ्रिज उघडून बघायचं आणि बंद करायचं, त्यातला प्रकार.

नावं कशी ठेवायची यावर प्रत्येकाची आवड. ओह माय झेड शेल नावाचा एक तयार संच २००९पासून मिळतो, रॉबी रसेलने सुरू केलेला. त्यातल्या नुसत्या गिटच्या भागात शंभराच्या वर एलियास आहेत. आयतं ताट! पण पाठ कोण करणार? मला आमच्या टीममधल्या कोल्हापूरच्या मित्राची पद्धत आवडते. त्याच्याकडे 'बघ' म्हणजे गिट स्टेटस, 'आण' म्हणजे पुल, 'पाठव' म्हणजे पुश. संध्याकाळी सगळे डॉकर कंटेनर बंद करायचे तर 'चला'. नुकताच आलेला तमिळ मॅनेजर त्याच्या मागे उभा राहून 'पाठव' कसलं टूल आहे, म्हणून गंभीरपणे विचारत होता. (हे देवनागरीतही ठेवता येतं, शेल तक्रार करत नाही. पण दर वेळी कीबोर्ड बदलण्यात वाचलेली दीड मिनिटं जातात, तेव्हा रोमनमध्येच ठेवा.)

आणि एका मंगळवारी…

आता काट्यांकडे वळू. हे लिहिताना अजूनही पोटात गोळा येतो.

'आरएम' ही पुसायची कमांड एकदम मुक्याने काम करते. विचारत नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, थेट उडवते. म्हणून शहाणी माणसं सल्ला देतात की 'आरएम' याच नावाचा एलियास ठेवा, ज्यात '-आय' जोडलेलं असेल, म्हणजे प्रत्येक फाइल पुसण्याआधी तो विचारेल. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्समध्ये रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, हा एलियास आधीपासून दिलेलाच असतो. मीही माझ्या लॅपटॉपवर ठेवला. दोन-तीन वर्षं मजेत गेली. इतकी मजेत की मला एक वाईट सवय लागली. कुठल्या फाइल पुसायच्या ते आधी ठरवण्याऐवजी मी 'आरएम' आणि पुढे तारका, म्हणजे 'सगळं', असं द्यायचो. मग तो एकेक विचारायचा, मी हो-नाही करत जायचो. बाजारात भाजी निवडल्यासारखं.

एका मंगळवारी दुपारी जेवून आल्यावर टेस्ट सर्व्हरवर असाच बसलो होतो. एका फोल्डरमध्ये सहा-सात जुन्या फाइल होत्या, बाकीच्या कामाच्या. 'आरएम', तारका, एंटर. पहिल्या प्रश्नाची वाट बघत होतो. प्रश्न आलाच नाही. खाली फक्त नवी ओळ, लुकलुकणारा कर्सर.

तो सर्व्हर म्हणजे माझा लॅपटॉप नव्हता! माझा एलियास माझ्या फाइलमध्ये, माझ्या घरी. इथल्या अण्णाला 'नेहमीचं' म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. आणि खरी भीषण गोष्ट ही, की त्याने मला ओळखत नाही असंही म्हटलं नाही. कारण 'आरएम' ही त्याची खरी कमांड होती. त्याने ती इमानेइतबारे पाळली.

बॅकअप रविवार रात्रीचा. चार जणांचं दीड दिवसाचं काम गेलं. त्या रात्री आम्ही चौघं अकरापर्यंत बसलो, बुधवारी पुन्हा. टीम लीडने आवाज चढवला नाही, पिझ्झाही मागवला, त्यामुळे तर जास्तच लाज वाटली. त्या चौघांतल्या एकीच्या बहिणीचा साखरपुडा बुधवारी होता. ती गेली, पण उशिरा. ते फोटो मी आजवर लाइक केलेले नाहीत.

तेव्हापासून माझा नियम असा : खऱ्या कमांडच्या नावावर स्वतःचा एलियास चढवायचा नाही. विचारून पुसणारी हवी ना, मग तिला वेगळं नाव द्या. मी 'पुस' ठेवलंय. आता परक्या सर्व्हरवर चुकून 'पुस' म्हटलं तर काय होतं? शेल सांगतो, अशी कमांड सापडत नाही. बस्स, एवढंच. फाइल जागच्या जागी. आणि घरी कुणाचा एलियास मध्ये येत असेल, खरी कमांडच हवी असेल, तर तिच्याआधी उलटी तिरपी रेघ '\' द्यायची. मग शेल टोपणनाव बाजूला ठेवून मूळ नावानेच हाक मारतो.

उलट दिशेचा घोळही असतो. एकदा बिल्ड अडकलं म्हणून मी शेजारच्याच्या लॅपटॉपवर बसलो. माझ्याकडे 'जीपी' म्हणजे गिट पुल, वरचं काम खाली आणणारा. त्याच्याकडे ओह माय झेड शेल, तिथे 'जीपी' म्हणजे पुश, आणि पुलला 'जीएल'. मी आणायला गेलो आणि त्याचं अर्धवट काम सगळ्यांना वाटून आलो. दुसऱ्याच्या यंत्रावर बसलात तर पूर्ण नावं लिहा. पाहुणे म्हणून गेलो की आपण पाणीसुद्धा विचारून घेतो, नाही का!

आता त्या एकेरी अवतरणाचं. दुहेरी अवतरणात लिहिलं तर आतले '$'वाले भाग एलियास लिहिल्याक्षणीच भरले जातात, वापरताना नाही. मी 'आज' नावाचा एलियास केला होता, आजच्या तारखेचा नोट्सचा फोल्डर उघडणारा. दुहेरी अवतरणात. लॅपटॉप कधी बंद करायचोच नाही, खिडकी आठवडाभर उघडी. शुक्रवारी लक्षात आलं की सोमवारपासूनच्या सगळ्या नोट्स सोमवारच्याच फोल्डरमध्ये गेल्यात. एकेरी अवतरण असतं तर दर वेळी नवी तारीख भरली असती.

आणि पासवर्ड! कृपया एलियासमध्ये पासवर्ड लिहू नका. ही फाइल साधी मजकुराची असते, कुणीही उघडून वाचू शकतं. शिवाय हौसेने ती गिटहबवर सगळ्यांसाठी टाकणारे कमी नाहीत. सर्व्हरवर जायचा लांब पत्ता छोटा करायचा असेल तर एसएसएचची स्वतःची 'कॉन्फिग' फाइल आहे. तिथे सर्व्हरला टोपणनाव, पोर्ट, किल्लीची फाइल असं सगळं नीट मांडता येतं. तेच वापरा.

खरं नाव काय?

एका मैत्रिणीची गोष्ट सांगतो. पहिल्या नोकरीत तिला सीनियरने पहिल्याच दिवशी स्वतःची एलियासची फाइल दिली. चांगल्या मनाने, आहेर म्हणून. ती दोन वर्षं सुरेख काम करत राहिली. मग दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेली. समोर कोरी खिडकी, आणि सांगितलं, नवी ब्रांच काढा आणि शेवटचे तीन बदल एकत्र करा. तिच्या बोटांना 'एनबी' आणि 'एसक्यू३' येत होतं. त्यामागे खरी कमांड काय आहे, हे तिने कधी बघितलंच नव्हतं! समोरच्याला वाटलं, हिला गिट येत नाही. येत होतं हो, पण दुसऱ्याच्या नावाने. ती नोकरी गेली. पुढची मिळाली, पण मधले चार महिने तिचे तिलाच माहीत.

आता ती नव्या मुलांना फाइल देत नाही. आधी महिनाभर पूर्ण कमांड लिहायला लावते, मग म्हणते, आता तुझं तू नाव ठेव. काही जण कुरकुरतात. फिश नावाच्या शेलने, तो २००५मध्ये आला, यावर एक मधला मार्ग काढलाय. त्यात छोटं नाव टाइप करून स्पेस दिली की डोळ्यांदेखत पूर्ण कमांड उलगडते आणि मग एंटर द्यायचं. बोटांना आराम आणि डोळ्यांना उजळणी. एंटर द्यायच्या आधी काय चालवतोय हेही दिसतं. मला विचाराल तर सगळ्या शेलांनी हे मुळातच द्यायला हवं होतं.

थोडा टाइमपासही हवा ना. घाईत 'एलएस'चं उलटं 'एसएल' टाइप होतं, सगळ्यांचंच होतं. तोयोदा मासाशी या जपानी प्रोग्रॅमरने यासाठी 'एसएल' नावाचाच एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो टाकलेला असेल तर चूक झाली की स्क्रीनवर उजवीकडून धूर सोडत एक वाफेचं इंजिन येतं आणि पूर्ण पडदा ओलांडून जातं. गाडी जाईपर्यंत काहीही करता येत नाही, फाटकात उभं राहिल्यासारखं. बरेच जण 'एसएल'ला 'एलएस'चा एलियास ठेवून चूक झाकतात. मी गाडीच ठेवलीय. ठाण्याहून रोज येणाऱ्या माणसाला एवढं तरी रिकामं इंजिन बघायला मिळावं!

परवा लॅपटॉप बदलायचा होता म्हणून माझी ती लपलेली फाइल उघडली. (नोकरी बदलताना ही फाइल आधी कॉपी करून घ्या. त्यात आधीच्या कंपनीचे सर्व्हरचे पत्ते असतील तर ते मात्र तिथेच काढून टाका.) एकूण ६१ एलियास निघाले. रोजच्या वापरातले २३. बंद पडलेल्या प्रोजेक्टचे ३३. उरलेले पाच कशासाठी केले होते, ते काही केल्या आठवेना. त्यातल्या चारांचा अर्थ वाचून लागला. पाचवा सव्वाशे अक्षरांचा आहे, त्यात 'आरएम' आहे, तारका आहे, आणि त्याचं नाव मी कधीतरी 'सोप्पं' असं ठेवलंय. तो चालवून बघायचं धाडस अजून झालेलं नाही.